ब्रेक सोडायला शिकणं : ग्वाल्हेर ते बुद्ध सर्किट, प्रकल्प नोंदी

२९ सप्टेंबर

गाडी घरचीच आहे. १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअर, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक लागला तरी चाक अडू न देणारी यंत्रणा) आहे. माणसासकट वजन हजार किलोच्या थोडं वर. हीच गाडी सोमवारी ऑफिसला न्यायची असते, म्हणून इंजिन आणि सस्पेन्शनला हात लावायचा नाही असं ठरवलं आहे. पैसे जातील ते ब्रेक, टायर आणि सरावावर.

जायचं आहे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, ट्रॅक डेला, म्हणजे फी भरून आपलीच गाडी ट्रॅकवर चालवायच्या दिवशी. शर्यत नाही, घड्याळाशी स्पर्धा नाही. ५.१२५ किलोमीटरचा ट्रॅक आणि १६ वळणं. २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन इथेच झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेटल जिंकला. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातून निघालं की मुरैना, चंबळ, धोलपूर, आग्रा आणि मग यमुना एक्सप्रेसवे. स्वतःची गाडी चालवत जाऊन संध्याकाळी तीच चालवत परत यायचं, तर ग्वाल्हेरकराला हाच ट्रॅक परवडतो. चेन्नई आणि कोइंबतूरचे ट्रॅक त्या अंतरात बसत नाहीत. आपल्याच राज्यात, मध्य प्रदेशात, पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा ओव्हल आहे, पण तो वाहनांच्या चाचण्यांसाठी. शिवाय मला शिकायचं आहे ते वळण, आणि ओव्हलवर ते भेटत नाही.

सुरुवातीलाच एक सांगतो. आपली नेहमीची मोटार पॉलिसी शर्यत, वेगचाचणी वगैरे प्रकारांतलं नुकसान भरून देत नाही. पॉलिसीच्या अपवादांत हे छापलेलं असतं. ट्रॅकवर पत्रा वाकला तर खिसा आपला, हे घरी आधीच बोलून घ्या. मी घेतलं.

६ ऑक्टोबर

सरावाला जागा मिळाली. ग्वाल्हेरजवळ मालनपूरच्या औद्योगिक भागात ओळखीच्या एका वाहतूकदाराचं आवार आहे, काँक्रीटचं, लांबीला दीडशे मीटर. रविवारी ट्रक नसतात. रंगाचे रिकामे प्लास्टिक डबे खुणेला लावले. लेक सोबत होती. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मोजमाप आणि वही तिच्याकडे. आधीच लिहून ठेवतो : यातली कुठलीही गोष्ट रस्त्यावर करायची नाही. बायपास रात्री कितीही रिकामा दिसला तरी नाही.

पहिलं काम सरळ रेषेत ६० वरून पूर्ण थांबणं. अंतर आलं २४ मीटर. कोरड्या काँक्रीटवर बरे टायर असलेल्या गाडीला १७-१८ मीटर पुरायला हवेत. टायर तर शिट्टीही वाजवत नव्हते, म्हणजे पकड शिल्लक होती आणि पाय कमी पडत होता.

कारण सीटमध्ये सापडलं. रोजच्या सवयीने सीट मागे असते. ब्रेक पूर्ण दाबला की गुडघा सरळ होतो आणि मग दाब द्यायला पायात जोरच उरत नाही. सीट पुढे घेतली. पेडल तळाशी असताना गुडघा वाकलेला राहिला पाहिजे, आणि पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोहोचलं पाहिजे. डावा पाय फूटरेस्टवर घट्ट रोवला. नाहीतर ब्रेक लागताना सगळं अंग स्टिअरिंगला लोंबकळतं आणि हात नेमके तेव्हाच जड होतात, जेव्हा ते हलके हवेत. एवढ्यानेच अंतर १९ वर आलं.

पुढची अडचण एबीएसची. तो चालू झाला की पेडल पायाखाली थडथडतं आणि पाय आपोआप ढिला पडतो. ती थडथड म्हणजे काम चालू आहे. पाय तसाच दाबून ठेवायचा. ते अंगवळणी पडल्यावर १८ मीटर येऊ लागले. मग एबीएस चालू होण्याच्या जरासं अलीकडे पाय धरून ठेवायचा सराव केला. टायर हलकेच कुरकुरतात, पेडल मात्र शांत राहतं. ही जागा पायाला ओळखता आली पाहिजे. सकाळ त्यातच गेली आणि ती वाया गेली असं वाटत नाही.

१३ ऑक्टोबर

आज वळण. डब्यांनी पंधरा मीटर त्रिज्येचं उजवं वळण आखलं. एवढ्या त्रिज्येला साध्या टायरवर ४० च्या आसपास हद्द येते. बाहेरून आत, आतल्या टोकाला चाटून पुन्हा बाहेर, ही लाइन सगळ्यांना तोंडपाठ असते. सरळ रेषेत ब्रेक, वेग ४० वर, ब्रेक सोड, वळव. चारचौघांत सांगतात तसंच केलं आणि गाडी दर वेळी बाहेरचा डबा घेऊन गेली. स्टिअरिंग आणखी वळवलं तर आणखीच बाहेर.

वेग कमी करून पाहिला. ३६ ला गाडी वळते, ४० ला पुढचं तोंड बाहेर पळतं. टायरच्या हवेवर संशय घेतला. ३३ ची ३० केली, काही फरक नाही. पुन्हा ३३. यात तास गेला.

शेवटी लेकीने बाहेर उभं राहून बाजूने व्हिडिओ काढला, आणि तिथे दिसलं. ब्रेक लागलेले असताना गाडीचं नाक खाली दबलेलं आहे. मी पाय उचलतो, नाक एकदम वर उसळतं, आणि नेमकं त्याच क्षणी स्टिअरिंग वळतंय.

"बाबा, ब्रेक दाबताना पाय ठीक आहे. सोडताना तुम्ही तो काढून घेताय."

हिशेब केला तर तिचंच बरोबर निघालं. जोरात ब्रेक मारला की या मापाच्या गाडीत साधारण दीडशे किलोचा भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर येतो. पुढचे टायर रस्त्याला चिकटतात ते त्या भारामुळे. पाय झटकन उचलला की भार मागे जातो आणि वळायची वेळ येते तेव्हा पुढचे टायर हलके झालेले असतात. म्हणजे वळायला लागणारी पकड ब्रेकने जमा केली होती, ती मीच वळणाच्या तोंडाशी सोडून देत होतो.

मग सगळं सोडून फक्त सोडण्याचा सराव. सुरुवातीचा दाब पूर्ण, नंतर वेग उतरत जाईल तसा पाय कमी करत न्यायचा, आणि शेवटचा थोडा दाब स्टिअरिंग वळायला लागल्यावरही ठेवायचा. स्टिअरिंग जितकं वळत जाईल तितका पाय वर. दोन्ही एकाच लयीत. पायाचा शेवटचा दाब निघताना गाडी आतल्या डब्याजवळ असावी.

घरी तानपुरा होता म्हणून मला हे एका गोष्टीवरून समजलं. खुंटी पिळून सूर जवळ येतो, पण लागतो तो मणी सरकवून. ब्रेकचा शेवटचा हिस्सा मण्याचा आहे.

दुपारपर्यंत ४० ला गाडी आत यायला लागली. टायर तेच, हवा तीच, लाइनही तीच.

२० ऑक्टोबर

लेक चालवायला बसली. तिचा पाय माझ्यापेक्षा हलका आहे. सोडणं तिला लवकर जमलं, सुरुवातीचा जोर मात्र जमत नव्हता. बहुतेकांना या दोनांपैकी एकच आधी जमतं असं दिसतं. दुसरं वेगळं काढून शिकावं लागतं.

नजरेवर काम केलं. डब्याकडे बघितलं की गाडी डब्यावर जाते. ब्रेक लागत असतानाच डोळे आतल्या टोकावर, तिथे पोहोचायच्या आधी बाहेर पडण्याच्या जागेवर. मान वळली पाहिजे, नुसते डोळे वळून भागत नाही. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी, हलवायचे नाहीत. एवढ्या वळणाला हात उचलावे लागत नाहीत.

आता दिवाळी. घरात रंगकाम, फराळ. महिनाअखेरपर्यंत गाडी सामान वाहील.

९ नोव्हेंबर

कंपू भागातल्या उस्तादांकडे, आमच्या मेकॅनिककडे, गाडी नेली. ब्रेक ऑइल काळपट झालं होतं, कधी बदललं ते सर्व्हिस बुकात नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषत राहतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरत जातो. डॉट ४ या दर्जाचं किमान मानक नव्या ऑइलला २३० अंश सेल्सिअस आणि ओल शोषलेल्याला १५५. रस्त्यावर हा फरक कधी कळतही नाही.

नवं डॉट ४ भरलं. चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली. हे करताना ब्रेक ऑइलचा वरचा डबा रिकामा होऊ द्यायचा नाही. एकदा का हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली की साध्या पद्धतीने ती निघत नाही. उस्तादांचा एक पोरगा फक्त डब्यावर नजर ठेवून होता. ब्रेक पॅड मूळचे, जाडी आठ मिलिमीटर, म्हणून तेच ठेवले. ऑइल आणि मजुरी मिळून बाराशे रुपये.

"भाईसाहब, पैड भी बदल लो," उस्ताद म्हणाले होते. आठ मिलिमीटर पाहून मी नको म्हटलं. जाडी आणि उष्णता सोसण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुढच्या नोंदीत येईल.

२३ नोव्हेंबर

पहिला ट्रॅक डे. पहाटे तीनला निघालो. आग्र्याच्या पुढे एक्सप्रेसवेवर धुकं होतं, पण विरळ. सकाळी कागदपत्रं, गाडीची तपासणी, हेल्मेट, झेंड्यांची माहिती : पिवळा दिसला तर ओव्हरटेक नाही, निळा दिसला तर मागच्या वेगवान गाडीला वाट, लाल म्हणजे सगळं थांबवून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत. डिकी रिकामी करायला लावली. जॅक, पाण्याच्या बाटल्या, पायाखालच्या मॅट, सगळं बाहेर. मॅट सरकून पेडलखाली गेली तर काय होईल ते सांगायला नकोच.

पहिल्या फेऱ्यांना बाजूला इन्स्ट्रक्टर. त्यांनी गाडीबद्दल काही बोलण्याआधी विचारलं, ब्रेक सोडताना काय करता? तिथेच वाटलं की मालनपूरची मेहनत योग्य जागी लागली होती.

ट्रॅकवर सगळ्यात आधी अंगावर येते ती रुंदी. रस्ता इतका रुंद की बाहेरची कड पूर्ण वापरायला मन धजत नाही. मी कडेपासून दोन-अडीच मीटर आत राहत होतो, म्हणजे वळण विनाकारण आवळत होतो. इन्स्ट्रक्टर प्रत्येक वळणाआधी हाताने बाहेर, आणखी बाहेर असं दाखवत होते.

तीन नंबरचं वळण चढावर आहे. ब्रेक मारताना चढ मदत करतो, पण आतलं टोक नीट दिसत नाही. इथे घाईने आत शिरलो की बाहेर पडताना जागा संपते आणि ॲक्सिलरेटर दाबायच्या जागी सोडावा लागतो. आणि त्याच्या पुढे किलोमीटरभराची सरळ पट्टी आहे. तीन नंबरला बाहेर पडताना गेलेला वेग ती पट्टी संपेपर्यंत परत मिळत नाही. छोट्या इंजिनाच्या गाडीला तर मुळीच नाही. म्हणून इथे उशिरा वळायचं, आत हळू जायचं, आतलं टोक नेहमीपेक्षा पुढे धरायचं. हे एक वळण जमलं तर दिवस सार्थकी.

सरळ पट्टीच्या शेवटी आमची गाडी १५० च्या आसपास पोहोचते आणि चार नंबरच्या उजव्या वळणासाठी ६० पर्यंत यावं लागतं. पहिल्या सत्रात छान वाटलं. दुसऱ्या सत्राच्या मध्यावर चार नंबरला पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं. पुढच्या फेरीत त्याच जागी दाबलं तर पेडल मऊ, जवळजवळ तळाला. पाय उचलून लगेच पुन्हा दाबला तेव्हा दाब आला. वळणाला १०० मीटर उरल्याची पाटी मागे गेली होती. वळायचा विचार सोडून सरळ थांबवत नेली, गाडी बाहेरच्या पट्ट्यावर जाऊन उभी राहिली. कुणाला काही झालं नाही, गाडीलाही नाही. हात वर करून, कडेने, तिसऱ्या गिअरवर पिटमध्ये आणली.

असं झालं तर काय करायचं ते वेगळं लिहितो, कारण त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो. पेडल मऊ होऊन खाली गेलं तर भराभर पंप करा, दाब थोडा परत येतो. गिअर उतरवा. वळायचा हट्ट सोडा, ट्रॅकबाहेरची मोकळी जागा त्याचसाठी आहे. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या ड्रमवर शू दाबून राहिले तर तिथेच खुणा उमटतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला लाकडी ठोकळा लावा.

उरलेली सत्रं अर्ध्या वेगात, फक्त लाइन शिकण्यासाठी चालवली. प्रवेश फीच्या मानाने अर्धा दिवस गेला. तरी त्यात एक फायदा झाला : वेग कमी असताना पूर्ण रुंदी वापरायची सवय लागली.

२५ नोव्हेंबर

उस्तादांनी चाकं काढली. पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत, कडांना बारीक चिरा. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) ब्लीडरमधून ऑइल काढलं तर दोन आठवड्यांपूर्वी भरलेलं ऑइल काळं पडलेलं.

"पैडल नीचे गया मतलब तेल उबला. पैडल सख्त रहता और गाड़ी न रुकती, तो पैड." उस्तादांचं हे निदान तंतोतंत आहे. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल मऊ पडतं. पॅड हद्दीपलीकडे तापले तर पेडल कडक लागतं, पण पकड नसते. आमच्याकडे दोन्ही झालं होतं. आधी पॅड तापून पकड कमी झाली, म्हणून मी जास्त दाबत राहिलो, ती उष्णता पिस्टनमधून ऑइलमध्ये गेली आणि ऑइल उकळलं. पहिल्या सत्राच्या शेवटी पायाला जास्त जोर लावावा लागत होता, ती याचीच खूण होती. तेव्हाच आत यायला हवं.

मालनपूरला हे का दिसलं नाही? तिथे ६० वरून थांबत होतो. उष्णता वेगाच्या वर्गाने वाढते. १५० वरून ६० वर येताना ब्रेकना जेवढी उष्णता सोसावी लागते, ती ६० वरून थांबण्याच्या पाचपट आहे. आणि पुढच्या वळणापर्यंत गार व्हायला पुरेसा वेळ नाही. आवारात पाय शिकतो, ब्रेकची परीक्षा तिथे होत नाही.

उपाय ठरला : पुढचे पॅड जास्त तापमान सोसणारे, ऑइल डॉट ५.१, ज्याचं किमान मानक नव्याला २६० आणि ओल शोषलेल्याला १८० अंश. डॉट ५ वेगळं आहे, ते सिलिकॉनचं असतं, आपल्या गाडीत घालायचं नाही. नावातल्या एका टिंबाने गोंधळ होतो, दुकानात बाटली हातात घेऊन वाचा. पॅड दिल्लीहून मागवले, सात हजार रुपये. ऑइल आणि मजुरी दोन हजारांच्या आत. पॅड यायला वेळ लागला, डिसेंबरचा पहिला आठवडा त्यातच गेला.

१५ डिसेंबर

नवे पॅड बसवून पुन्हा मालनपूर. नवे पॅड लगेच जोरात वापरायचे नसतात. ६० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने उतरायचं, न थांबता पुन्हा वेग घ्यायचा, असं बराच वेळ. मग गाडी हळू फिरवत गार करायची. तापलेले पॅड डिस्कवर दाबून उभं राहायचं नाही, तिथे पॅडचा थर चिकटतो आणि मग ब्रेक मारताना स्टिअरिंग हलतं. गार असताना हे पॅड किंचित कमी पकडतात आणि किंचित चिरकतात. रोजच्या वापरात घरच्यांना तो आवाज आवडत नाही, हे मान्य करून पुढे जावं लागतं.

रात्री पाऊस झाला होता, काँक्रीट ओलं. म्हणून वेग कमी ठेवून वळणात ब्रेक घेऊन जाण्याचा सराव केला. कोरड्यात टायर खूप माफ करतात, ओल्यात काहीच नाही. इथे उलटी गोष्ट दिसली. स्टिअरिंग बरंच वळलेलं असताना पायाचा दाब थोडा जास्त राहिला आणि मागचा भाग सुटला, गाडी पूर्ण फिरून उलट्या तोंडाने उभी राहिली. ब्रेक लागलेले असताना मागच्या चाकांवर भार कमी असतो, त्यात बाजूचा जोर आला की ती सरकतात.

म्हणजे सोडण्याला दोन कडा आहेत. लवकर आणि झटक्याने सोडलं तर पुढचं तोंड पळतं. उशिरापर्यंत धरलं तर मागचा भाग. मधली पट्टी कोरड्यात रुंद असते, ओल्यात अरुंद. मागचा भाग सुटतोय असं कमरेला जाणवतं, हाताला नंतर कळतं. त्या क्षणी पाय झटक्यात उचलायचा नाही, तो हळू कमी करायचा. नजर जायच्या दिशेला, स्टिअरिंग त्या बाजूला उघडायचं. भोवती मोकळी जागा असल्याशिवाय हा सराव करू नये. आम्ही भिंतीपासून तीस मीटर दूर होतो.

१२ जानेवारी

थंडी आणि धुकं. एक्सप्रेसवेवर डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हलक्या वाहनांची मर्यादा १०० वरून ७५ वर येते, त्यामुळे ट्रॅकचा बेत मार्चवर ढकलला. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात गेलो होतो. तिथल्या ऑटो सेक्टरमध्ये गर्दी नेहमीसारखी, वाहनकराच्या सवलतीमुळे लोक नव्या गाड्यांचा सौदा मेळ्यासाठी राखून ठेवतात. लेक पुढच्या-मागच्या डिस्क असलेल्या गाड्यांपाशी रेंगाळली. पुढे बघू.

या महिन्यात गाडी उभी ठेवूनच पायाचं काम केलं. ब्रेक दाबून ठेवलेला असतानाच उजव्या पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला टिचकी द्यायची, म्हणजे क्लच सोडताना इंजिनाचा वेग जुळतो आणि खालच्या गिअरला धक्का बसत नाही. हे न जुळता क्लच झटकन सोडला तर पुढची चाकं क्षणभर अडतात, आणि वळणाच्या तोंडाशी जपून ठेवलेली पकड तिथे जाते. आमच्या गाडीत ब्रेकचं पेडल ॲक्सिलरेटरपेक्षा बरंच वर आहे. ब्रेक पूर्ण दाबल्यावरच दोन्ही एका पातळीला येतात. जाड तळव्याच्या बुटात हे अशक्य, पातळ तळव्याचे कॅनव्हासचे जुने बूट चालले.

लेकीचं मत, नवशिक्याने हे लांबणीवर टाकावं. सरळ रेषेत ब्रेक मारता मारता वेग पुरेसा उतरू द्या, मग एकदाच गिअर उतरवा, क्लच हळू सोडा. मला ते पटलं. ट्रॅकवर मी तसंच करणार.

१ मार्च

दुसरा ट्रॅक डे. निघण्यापूर्वी टायर थंड असताना हवा ३० ठेवली. पहिल्या सत्रानंतर गरम टायरमध्ये ३६ होती, ३३ पर्यंत उतरवली. संध्याकाळी परतीला निघताना थंड झाल्यावर पुन्हा भरली, हे विसरून चालत नाही.

सत्राची आखणी बदलली. पहिली फेरी टायर आणि ब्रेक गरम करायला, मधल्या मोजक्या फेऱ्या जोरात, शेवटची ब्रेकला जवळजवळ हात न लावता गार करायला. पिटमध्ये आल्यावरही लगेच उभी न करता हळू फिरवून मग ठोकळा. पेडल दिवसभर एकाच उंचीवर राहिलं. चार नंबरला १५० मीटरच्या पाटीवरून सुरुवात केली आणि तिथेच राहिलो. आधी मी दर फेरीला ब्रेक उशिरा मारून वेळ वाचवायला बघायचो. या वेळी ब्रेकची जागा पक्की ठेवली आणि फक्त सोडण्यावर लक्ष दिलं.

फरक तीन नंबरला दिसला. फोनमधल्या जीपीएसच्या नोंदी लेकीने दुपारी जेवताना उघडल्या. ज्या फेऱ्यांत मी ब्रेक उशिरा मारला होता, त्यात वळणाच्या मध्यावर वेग सगळ्यात कमी आणि सरळ पट्टीच्या मध्यावरही कमी. ज्यात थोडं आधी दाबून हळूहळू सोडलं होतं, त्यात वळणाच्या मध्यावर चार-पाच किलोमीटर जास्त, आणि तो फरक पट्टीच्या मध्यापर्यंत टिकलेला. नोंदीतली ब्रेकची रेघही सांगत होती : उशिराच्या फेऱ्यांत ती कड्यासारखी तुटते, चांगल्या फेऱ्यांत उताराने खाली येते.

दहा-अकरा नंबरचं लांब, बाहेरच्या बाजूला उंच असलेलं उजवं वळण अजून जमलेलं नाही. तिथे ब्रेक कमी आणि धीर जास्त लागतो. एकदा आत घेतलं की गाडी बाहेर जाऊ द्यायची आणि पुन्हा आत आणायची. मी मध्ये ॲक्सिलरेटर दाबतो-सोडतो, त्याने गाडी डुलत राहते. पायाचा दाब एका जागी धरून स्टिअरिंगने नव्हे तर किंचित ॲक्सिलरेटरने लाइन बदलावी असं इन्स्ट्रक्टरांनी दाखवलं. त्यांच्या हातात हीच गाडी तिथे शांत होती.

शेवटचं सत्र लेकीने चालवलं, इन्स्ट्रक्टर बाजूला. मी पिटच्या भिंतीशी. बाहेर आल्यावर हेल्मेट काढायच्या आत म्हणाली, "बाबा, चार नंबरला अजून आधी सोडायला हवं होतं." ब्रेक आधी मारायला हवा होता, असं नाही म्हणाली. मला याचा फार आनंद झाला.

३ मार्च

तपासणी. पुढचे पॅड नवे असताना दहा मिलिमीटर होते, आता डावा साडेसहा, उजवा सहा. रोजचा वापर धरूनही आणखी एक ट्रॅक डे निघेल, त्यानंतर नाही. डिस्कवर चिरा नाहीत. मागच्या ड्रमना काही झालेलं नाही. पुढचा डावा टायर बाहेरच्या कडेला सगळ्यात जास्त घासला आहे, ट्रॅक घड्याळाच्या दिशेने आणि उजवी वळणं लांब म्हणून. पुढचे दोन टायर अदलाबदल केले. या टायरवर बाणाची खूण नाही म्हणून हे चाललं, बाण असेल तर असं करता येत नाही.

ब्रेक ऑइलचा रंग थोडा बदलला होता, पुन्हा काढून डॉट ५.१ भरलं. ट्रॅकनंतर दर वेळी बदलायचं असं ठरलं. बाटली उघडल्यावर उरलेलं ठेवून पुढच्या वेळी वापरायचं नाही, ओल शोषलेली असते.

खर्चात सगळ्यात मोठा आकडा दोन्ही वेळच्या प्रवेश फीचा. त्याखालोखाल पॅड आणि मग पेट्रोल. ट्रॅकवर गाडी लिटरला पाचाच्या आसपास देते, म्हणून टाकी भरून जा आणि परतीसाठी वेगळी धरा. ग्वाल्हेरमधून कुणी जाणार असेल तर पहिल्या वेळी आधी पॅड आणि ऑइल बदलून घ्या, टायर जुने असतील तरी चालतील. आम्ही पॅड राखून अर्धा दिवस घालवला, त्या अर्ध्या दिवसाची फी पॅडच्या किमतीजवळ जाते.

पुढचं काम : मालनपूरला लांब त्रिज्येचं वळण आखून ॲक्सिलरेटर एका जागी धरायचा सराव. आवाराची रुंदी त्याला पुरेल का ते रविवारी टेप घेऊन मोजायचं आहे.